लाइव्ह मायग्रेशननंतर मोजक्याच व्हीएमच्या डिस्कवर आय/ओ एरर, होस्टच्या लॉगमध्ये मात्र काहीच नाही

कोल्हापूर_सर्व्हर

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचे सर्व्हर मी एकटा सांभाळतो. दोन होस्ट (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर) आहेत, दोन्हीवर डेबियन १२, आणि व्हीएम चालवायला केव्हीएम व लिबव्हर्ट. स्टोरेज बॉक्सवरचा २ टीबीचा एक लन (सामायिक डिस्क) आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून, दोन्ही होस्टना दिलेला आहे. त्या लनवर एलव्हीएमचा (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) एकच व्हॉल्यूम ग्रुप, नाव व्हीजीडेटा. प्रत्येक व्हीएमची डिस्क म्हणजे त्यातला एक लॉजिकल व्हॉल्यूम. फॉरमॅट रॉ, कॅशे नन. ही सगळी मांडणी एका पुरवठादाराने करून दिली होती आणि आजवर तिने त्रास दिला नव्हता.

पहिल्या होस्टची रॅम बदलायची होती म्हणून सगळ्या व्हीएम लाइव्ह, म्हणजे चालू असतानाच, मायग्रेट करून दुसऱ्या होस्टवर नेल्या. व्हर्शने (लिबव्हर्टच्या कमांडने) हूं की चूं केलं नाही. बहुतेक व्हीएम छान चालल्या. पण पोस्टग्रेस डेटाबेस असलेली व्हीएम थोड्या वेळाने कोसळली. गेस्टमधलं (व्हीएमच्या आतलं) डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, असं:

आय/ओ एरर, डेव्ह व्हीडीबी, सेक्टर २३१८७४५६०, राइट
आय/ओ एरर, डेव्ह व्हीडीबी, सेक्टर २६४२४११५२, राइट

मग ईएक्सटी४ फाइलसिस्टीमचा जर्नल अबॉर्ट, फाइलसिस्टीम रीड-ओन्ली, आणि पोस्टग्रेस एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का करणं) न जमल्याचं सांगून पॅनिक. व्हीएम तिथेच रीस्टार्ट केली तर व्हीडीबी माउंटच होईना: "बॅड जॉमेट्री: ब्लॉक काउंट ३९३२१६०० हा डिव्हाइसच्या आकारापेक्षा (२६२१४४०० ब्लॉक) जास्त". काळजाचा ठोका चुकला. व्हीएम बंद करून पहिल्या होस्टवर सुरू केली, तर जर्नल रिप्ले होऊन डिस्क नीट माउंट झाली आणि पोस्टग्रेसही रिकव्हरी करून उभा राहिला.

दुसऱ्या होस्टच्या डीमेसेजमध्ये डिस्कची एकही तक्रार नाही. आयस्कझी सेशन शाबूत. एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी देणारी कमांड) दोन्हीकडे त्या व्हॉल्यूमचा आकार १५० जीबीच दाखवतं. मग गेस्टला डिस्क लहान का दिसते? इथे लोकांच्या ठेवींचे हिशेब आहेत. कारण कळल्याशिवाय पुन्हा मायग्रेशनला हात लावायची हिंमत होत नाही.

रात्रपाळी

डेबियन १२ म्हणताय तर आधी कर्नल बघा. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ चा एक वाईट बग शिरला होता. डायरेक्ट आय/ओने (कॅशे टाळून थेट डिस्कवर) लिहिलेला डेटा खराब होत होता. डेबियनने त्यापायी १२.३ ची इमेज रोखली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढलं, त्यात ६.१.६६ होतं. कॅशे नन म्हणजे डायरेक्ट आय/ओच. दोन होस्टवर वेगवेगळे कर्नल असतील तर तुमची लक्षणं जुळू शकतात.

मुळामुठा

रात्रपाळी, तो बग खरा आहे, पण इथे बसत नाही. ह्यांच्या डिस्क थेट लॉजिकल व्हॉल्यूमवर आहेत, होस्टचं ईएक्सटी४ मध्ये येतच नाही. शिवाय तो बग गुपचूप डेटा बिघडवायचा, आय/ओ एरर देत नव्हता.

कोल्हापूर, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर दडलंय. २६२१४४०० ब्लॉक गुणिले ४ केबी म्हणजे बरोबर १०० जीबी. ३९३२१६०० म्हणजे बरोबर १५०. १०० जीबी सेक्टरमध्ये मोजले तर २०९७१५२००. तुमचे एरर आलेले दोन्ही सेक्टर ह्या आकड्याच्या पलीकडचे आहेत. हा व्हॉल्यूम कधीतरी १०० चा १५० केला होता ना? आणि एलव्हीएक्सटेंड पहिल्या होस्टवरून चालवलं होतं ना?

दोन्ही होस्टवर हे चालवा आणि इथे टाका. दोन्ही कमांड फक्त वाचतात, काही बदलत नाहीत:

ब्लॉकडेव्ह --गेटएसझेड /डेव्ह/व्हीजीडेटा/पीजी
डीएमसेटअप टेबल

ती व्हीएम तोवर पहिल्या होस्टवरच राहू द्या. दुसऱ्या होस्टवर त्या डिस्कवर ई२एफएससीके (ईएक्सटी४ तपासून दुरुस्त करणारी कमांड) अजिबात चालवू नका. ते विचारेल की सुपरब्लॉकमधला आकार आणि डिव्हाइसचा आकार जुळत नाही, अबॉर्ट करू का. तिथे "नाही" म्हणून पुढे गेलात तर शेवटच्या ५० जीबीतल्या फाइल हरवल्या असं समजून ते दुरुस्ती करत सुटेल. आज डेटा धड आहे, तो धडच ठेवूया.

कोल्हापूर_सर्व्हर

हो, दिवाळीच्या आधी वाढवला होता. पहिल्या होस्टवर एलव्हीएक्सटेंड, मग व्हीएमला नवा आकार कळवायला व्हर्श ब्लॉकरिसाइझ, मग फाइलसिस्टीम वाढवायला गेस्टमध्ये रिसाइझ२एफएस. आउटपुट घ्या.

पहिला होस्ट, ब्लॉकडेव्ह: ३१४५७२८००
दुसरा होस्ट, ब्लॉकडेव्ह: २०९७१५२००

पहिल्या होस्टचं टेबल:
व्हीजीडेटा-पीजी: ० २०९७१५२०० लिनियर ८:३२ २०४८
व्हीजीडेटा-पीजी: २०९७१५२०० १०४८५७६०० लिनियर ८:३२ १२५८२९३२४८
व्हीजीडेटा-टेस्ट: ० ८३८८६०८० लिनियर ८:३२ ८३८८६२८४८

दुसऱ्या होस्टचं टेबल:
व्हीजीडेटा-पीजी: ० २०९७१५२०० लिनियर ८:१६ २०४८
व्हीजीडेटा-टेस्ट: ० ८३८८६०८० लिनियर ८:१६ ४१९४३२४४८

बाकीच्या व्हॉल्यूमच्या ओळी दोन्हीकडे सारख्या आहेत, फक्त ८:३२ च्या जागी ८:१६. पण एलव्हीएस दुसऱ्या होस्टवर १५० कसं काय दाखवतं, हे अजून डोक्यात शिरत नाही.

मुळामुठा

८:३२ आणि ८:१६ हा फरक सोडून द्या. एकाच लनला एका होस्टवर एसडीसी नाव मिळालं, दुसऱ्यावर एसडीबी, एवढंच. बाकीचे आकडे जुळायला हवेत.

एलव्हीएमची माहिती दोन जागी असते. एक म्हणजे लनच्या सुरुवातीला लिहिलेला मेटाडेटा. तो सामायिक आहे, आणि एलव्हीएस दरवेळी तोच वाचतं, म्हणून दोन्हीकडे १५० दिसतं. दुसरी जागा म्हणजे प्रत्येक होस्टच्या कर्नलमधलं डिव्हाइस-मॅपरचं टेबल. व्हॉल्यूम ॲक्टिव्हेट होतो त्या क्षणी ते टेबल मेटाडेटावरून बनतं आणि मग तसंच राहतं. पहिल्या होस्टवर एलव्हीएक्सटेंड चालवलं की मेटाडेटा बदलतो आणि पहिल्या होस्टचं टेबल बदलतं. दुसऱ्या होस्टच्या कर्नलला कोणी कळवत नाही. तिथे बूट होतानाच सगळे व्हॉल्यूम ॲक्टिव्हेट झालेले असतात, तेव्हाचंच टेबल चालू राहतं. तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर क्षेत्र वाढलं, पण शेताचं कुंपण जुन्याच बांधावर, अशी गत. एलव्हीएस सातबारा दाखवतं, ब्लॉकडेव्ह कुंपण दाखवतं. व्हीएम चालते ती कुंपणाच्या आत.

आता मायग्रेशनच्या वेळी काय झालं बघा. दुसऱ्या होस्टवरच्या क्यूईएमयूने (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामने) व्हॉल्यूम उघडला तेव्हा त्याला १०० जीबीचं डिव्हाइस मिळालं. गेस्टचा कर्नल मात्र चालत्या अवस्थेत आलेला, त्याच्या लेखी डिस्क १५० चीच. गेस्टने २०९७१५२०० च्या पुढे लिहायला घेतलं की क्यूईएमयू स्वतःच म्हणतं, हा सेक्टर डिस्कच्या बाहेरचा, आणि एरर परत देतं. ती मागणी होस्टच्या कर्नलपर्यंत जातच नाही, म्हणून होस्टचं डीमेसेज कोरं. बहुतेक व्हीएम ठीक चालल्या कारण त्यांच्या डिस्क कधी वाढवलेल्याच नव्हत्या.

पोस्टग्रेसने पॅनिक केलं हे फार बरं झालं. फेब्रुवारी २०१९ च्या अपडेटपासून एफसिंक फसलं की ते मुकाट्याने पुन्हा प्रयत्न करत बसत नाही, सरळ थांबतं आणि वॉलवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) रिकव्हरी करतं. तुमचे हिशेब त्यामुळे वाचले. तरी एकदा सगळ्या डेटाबेसचा पीजी_डंप काढून तो शेवटपर्यंत बिनतक्रार जातो का ते बघाच.

पीजीसाठी इलाज सोपा आहे. व्हीएम पहिल्या होस्टवर असताना दुसऱ्या होस्टवर:

एलव्हीचेंज --रिफ्रेश व्हीजीडेटा/पीजी

ह्याने टेबल मेटाडेटावरून नव्याने भरलं जातं. मॅन पेजमध्येही लिहिलंय की व्हॉल्यूम हाताने सामायिक वापरत असाल तर हा पर्याय कामाला येतो. मग ब्लॉकडेव्हने ३१४५७२८०० दिसतंय ह्याची खात्री करा आणि नंतरच मायग्रेट करा. क्रम उलटा करू नका. चालत्या क्यूईएमयूने आकार उघडतानाच टिपून ठेवलेला असतो, मागाहून रिफ्रेश केलं तरी ब्लॉकरिसाइझ दिल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही.

पण मला घाम फुटला तो टेस्टची ओळ बघून. लांबी दोन्हीकडे ८३८८६०८०, म्हणजे ४० जीबी, पण सुरुवातीचा सेक्टर वेगळा: एकीकडे ८३८८६२८४८, दुसरीकडे ४१९४३२४४८. हा व्हॉल्यूम काढून त्याच नावाने पुन्हा बनवला होता का? टेस्ट व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेली होती का? आणि ४१९४३२४४८ ह्या जागी आता कोणाची डिस्क आहे?

कोल्हापूर_सर्व्हर

टेस्ट व्हीएम बंद होती म्हणून ती मायग्रेट केली नव्हती. व्हॉल्यूम हो, काढून त्याच नावाने पुन्हा बनवला होता. पहिल्या होस्टच्या टेबलात शोधलं. ४१९४३२४४८ पासून आता डॉक्युमेंट सर्व्हरची डिस्क सुरू होते. त्यात सभासदांची स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत.

मुळामुठा

बंद होती हे नशीब समजा. ती दुसऱ्या होस्टवर सुरू केली असती तर टेस्ट व्हीएमने थेट सभासदांच्या कागदपत्रांवर लिहिलं असतं. आय/ओ एरर नाही, लॉग नाही, काही नाही. पीजीच्या वेळी आकार कमी पडला म्हणून आरडाओरडा तरी झाला. इथे आकार सारखा, म्हणून आकार तपासूनही हे सापडलं नसतं. म्हणूनच डीएमसेटअप टेबलची प्रत्येक ओळ सुरुवातीच्या सेक्टरसकट ताडून बघायची.

ह्याला रिफ्रेश चालणार नाही. नव्या व्हॉल्यूमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा आहे आणि दुसऱ्या होस्टच्या कर्नलमध्ये जुन्या यूयूआयडीचं डिव्हाइस त्याच नावावर ठाण मांडून बसलंय. दुसऱ्या होस्टवर आधी ते कोणी उघडलेलं नाही ना हे बघा:

डीएमसेटअप इन्फो व्हीजीडेटा-टेस्ट

ओपन काउंट ० असेल तरच:

डीएमसेटअप रिमूव्ह व्हीजीडेटा-टेस्ट

ह्याने लनवरचं काही पुसलं जात नाही, फक्त त्या होस्टच्या कर्नलमधली नोंद जाते. ० नसेल तर तिथेच थांबा आणि इथे लिहा. रिमूव्हच्या पुढे --फोर्स जोडायचं नाही.

सँलॉक_बेंगळुरू

मुळामुठांचं निदान अचूक आहे. मी पुढचं सांगतो, कारण ही मांडणी अशीच ठेवली तर ह्याहून मोठं संकट येऊ शकतं. साध्या एलव्हीएमचं लॉक /रन/लॉक/एलव्हीएममध्ये असतं, म्हणजे त्या एका होस्टपुरतंच. दोन्ही होस्टवरून एकाच वेळी एलव्हीक्रिएट चाललं तर दोघे तोच मेटाडेटा वाचतील आणि तीच मोकळी जागा दोन वेगळ्या व्हॉल्यूमना देऊन बसतील. तेव्हा आजपासून व्हॉल्यूम बनवणं, वाढवणं, काढणं हे एकाच ठरलेल्या होस्टवरून करा.

दुसऱ्या होस्टवर बूटला सगळं ॲक्टिव्हेट होणं बंद करा: व्हीजीचेंज --सेटऑटोॲक्टिव्हेशन एन व्हीजीडेटा. डेबियन १२ मधल्या एलव्हीएमला हा पर्याय कळतो. ही नोंद मेटाडेटात जाते, त्यामुळे ती दोन्ही होस्टना लागू होईल, पहिल्यालाही. लिबव्हर्टमध्ये व्हीजीडेटाचा लॉजिकल पूल ऑटोस्टार्टवर असेल तर तोही काढा, नाहीतर पूल सुरू होताना सगळे व्हॉल्यूम पुन्हा ॲक्टिव्हेट करतो. मग व्हीएम येण्याआधी तिचाच व्हॉल्यूम तिथे ॲक्टिव्हेट करायचा आणि व्हीएम निघून गेली की डिॲक्टिव्हेट करायचा. लिबव्हर्टच्या क्यूईएमयू हुकला (ठरावीक क्षणी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला) मायग्रेशनच्या सुरुवातीला दुसऱ्या होस्टवर हाक मिळते आणि व्हीएम सुटल्यावर पहिल्या होस्टवर "रिलीज" मिळतं. हे काम तिथे बसवता येतं. फक्त हुकमधून उलट व्हर्श चालवू नका, लिबव्हर्ट अडकून पडतं.

कायमचा मार्ग म्हणजे एलव्हीएमलॉकडी आणि सँलॉक, म्हणजे सगळ्या होस्टना सामायिक लॉक देणाऱ्या सेवा. प्रत्येक होस्टला वेगळा होस्ट आयडी लागतो आणि लॉक लनवरच ठेवलं जातं. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ह्याच कामासाठी सीएलव्हीएमडी सांगितलेलं आढळेल. ते एलव्हीएम २.०३ पासून काढून टाकलंय, त्याच्या नादी लागू नका. थिन पूलचा (लागेल तशी जागा देणाऱ्या पूलचा) विचार असेल तर तोही सोडा. थिन पूल एका वेळी एकाच होस्टवर ॲक्टिव्ह राहू शकतो, आणि लाइव्ह मायग्रेशनमध्ये तर क्षणभर दोन्हीकडे लागतो.

कोल्हापूर_सर्व्हर

ओपन काउंट ० होता. जुनी नोंद काढली, टेस्ट व्हॉल्यूम नव्याने ॲक्टिव्हेट केला, आता सुरुवातीचा सेक्टर दोन्हीकडे ८३८८६२८४८. पीजी रिफ्रेश केला, ब्लॉकडेव्ह ३१४५७२८००. मग सगळ्या व्हॉल्यूमच्या ओळींतून ८:३२ आणि ८:१६ काढून टाकून दोन्ही होस्टची टेबलं डिफ केली (ताडून पाहिली), एकही ओळ वेगळी नाही. पीजी_डंप शेवटपर्यंत विनातक्रार गेला. त्यानंतर काल रात्री कामकाज संपल्यावर पोस्टग्रेसची व्हीएम दुसऱ्या होस्टवर लाइव्ह नेली. मुद्दाम मोठी फाइल लिहून १०० जीबीच्या पलीकडची जागा वापरात आणली. गेस्टचं डीमेसेज स्वच्छ.

मायग्रेशनच्या स्क्रिप्टमध्ये हेच डिफ पहिल्या पायरीला घातलंय. फरक दिसला की स्क्रिप्ट तिथेच थांबते. ऑटोॲक्टिव्हेशन आणि पूलचा ऑटोस्टार्ट दोन्ही बंद केलेत. सँलॉकला वॉचडॉग (होस्ट आपोआप रीसेट करणारा टायमर) लागतो असं वाचलं. आमच्या होस्टच्या बोर्डवर तो आहे, पण बायोसमध्ये बंद दिसतो. रॅम बदलताना होस्ट बंद होईलच, तेव्हा तो चालू करून घेतो आणि सँलॉक आधी एका वेगळ्या छोट्या लनवर लावून बघतो.

सँलॉक_बेंगळुरू

छोट्या लनवर लावून बघताना एका होस्टची स्टोरेजची केबल मुद्दाम काढून बघा. लॉकचं नूतनीकरण थांबलं की वॉचडॉग तो होस्ट रीसेट करतो. हे पतसंस्थेच्या व्हीएम चालू असलेल्या होस्टवर करू नका, रॅम बदलायला रिकामा केलेला होस्ट ह्यासाठी बरा.