विषय: सोलापूरला जाताना मुलाची झोप आणि मेलाटोनिन

प्रेषक: मी. दे., अटलांटा

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस शाळा सुटली की आम्ही सोलापूरला सासरी जातोय, चांगले दीड महिना. धाकटा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलणं मोजकं. झोपेचं पहिल्यापासून अवघड. इथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला रात्री आठला मेलाटोनिनची (झोपेच्या वेळेशी संबंधित संप्रेरकाची) गमी, म्हणजे चघळायची जेलीसारखी वडी, देतो. दिली की नऊपर्यंत झोपतो, नाहीतर मध्यरात्र उलटली तरी खोलीत फेऱ्या मारत असतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. साडेनऊ तासांच्या फरकात गमी कुठल्या वेळेला द्यायची? संपली तर सोलापुरात मिळते का? आणि सासूबाईंना काय सांगायचं? फोनवर नुसतं कानावर घातलं तर म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराला झोपेची गोळी?" त्यांचा जीव तुटतो त्याच्यासाठी, म्हणून मला उलट बोलवलं नाही. यादीवर कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

मी.

---

प्रेषक: स. कु., सोलापूर

वहिनी, नमस्कार.

आम्ही तिकडचा मुक्काम हलवून सोलापूरला परत आलो तेव्हा आमची लेक तुमच्या मुलाएवढीच होती. तीही ऑटिस्टिक आहे. त्यामुळे तुमची मेल वाचून लगेच लिहायला बसले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी घराचं सांगते, गमीचं नंतर. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. त्याचं काम एवढंच. गुंगी आणून माणसाला आडवं करणारं ते औषध नव्हे. आता गमीतून आपण शरीराला रात्र झाली म्हणून सांगायचं आणि त्याच वेळी हॉलमध्ये ट्यूबलाईट लख्ख, टीव्हीवर मालिका, आत्या-मामा गप्पांना बसलेले, तर त्या पोराच्या शरीराने कोणाचं ऐकायचं? त्यात डोळ्यांवर पडणारा झगझगीत उजेड, खास करून मोबाईल-टीव्हीचा, शरीरातलं स्वतःचं मेलाटोनिनही दाबून टाकतो.

सोलापुरातल्या घराची संध्याकाळ तुम्हाला माहीतच आहे. नवी पेठेतली दुकानं बंद करून माणसं साडेनऊला घरी येणार, मग तव्यावर भाकऱ्या पडणार, दहाला पानं वाढली जाणार. सगळ्या घराने तुमच्या मुलासाठी आठला जेवावं असं म्हणून चालत नाही, आणि तसं म्हणूही नका. त्याचं पान साडेसातला वेगळं वाढा आणि एक खोली फक्त त्याची करून टाका. त्या खोलीत जेवणानंतर मोठा दिवा लावायचा नाही आणि मोबाईल घेऊन कोणी शिरायचं नाही. एवढं मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना नीट सांगा, पाहुण्यांनासुद्धा.

खोली निवडताना वरच्या मजल्यावरची घेऊ नका. मेअखेरीस पारा 43-44 ला असतो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकत राहतो. पश्चिमेच्या भिंतीची खोलीही नको. तळमजल्यावरची, शक्यतो पूर्वेची बघा. कूलरची सलग घरघर बऱ्याच मुलांना चालते. वीज जाऊन तो एकदम थांबला की मात्र मूल दचकून उठतं, म्हणून पंखा इन्व्हर्टरवर घ्या. पाण्याचंही विचारून ठेवा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, आणि वेळ भागाप्रमाणे वेगळी. रात्रीची पाळी असेल तर मोटार, बादल्या, हाकाहाक सगळं आलं. त्या रात्रीपुरतं त्याला मोटारीपासून लांबच्या खोलीत झोपवा. पूर्वभागात घर असेल तर मागांचा खटखटाट असेल, पण तो एकसुरी असतो. आमच्या लेकीला त्याचा कधी त्रास झाला नाही. वरातीतली हलगी मात्र तिला अजून सोसत नाही.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. अटलांटात जूनमध्ये पावणेनऊपर्यंत उजेड असतो, इथे सातच्या सुमाराला दिवस मावळतो. अंधार आयता मिळतो, तो वाया घालवू नका.

आमच्याकडे झोपेआधीचा क्रम चित्रांच्या पट्टीवर आहे. पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिच्यावर चित्रं: अंघोळ, दहीभात, दात, दृष्ट, चादर. झालेलं चित्र लेक स्वतः काढून डब्यात टाकते. दृष्टीचं चित्र माझ्या सासूबाईंसाठी घातलं. त्या रोज मीठ-मोहऱ्या ओवाळणारच होत्या, पण कधी आठला तर कधी दहाला, झोपलेल्या लेकराला उठवूनसुद्धा. पट्टीवर जागा मिळाल्यापासून त्या दात घासून होण्याची वाट बघत दारात उभ्या राहतात. लेकीला ती चुरचुरणारी मोहरी आवडते, मग ती आपणहून चादरीकडे जाते. तुमच्या सासूबाईंना काय सांगायचं ते यातूनच सुचेल. त्यांना त्या क्रमात एक काम द्या, रोजचं, त्यांचं स्वतःचं.

चादरीवरून आठवलं. वजनदार पांघरुणाने ऑटिस्टिक मुलं शांत झोपतात असं बरेच जण सांगतात. 2014 साली त्याची नीट चाचणी झाली होती. मुलांना आणि आईवडिलांना ते पांघरूण आवडलं, पण मोजली तर झोप वाढलेली नव्हती. तेव्हा सोलापुरी चादर दुहेरी करून दिलेली मुलाला आवडत असेल तर खुशाल द्या, पण मेमधल्या उकाड्यात त्याच्या मागे लागू नका.

आता मेलाटोनिन. वेळ सोलापूरच्या घड्याळाची, पहिल्या रात्रीपासून. इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे तुमच्याकडचे सकाळचे अकरा, म्हणजे त्याच्या शरीरात तेव्हा भर दिवस असणार. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे आठ-दहा दिवस ओढाताण होणारच. त्या दिवसांत "आज दोन दे, पटकन झोपेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. जास्त दिल्याने घड्याळ लवकर फिरत नाही, सकाळी मूल जडावलेलं उठतं एवढंच. दिवसा त्याला बाहेरच्या उजेडात ठेवा, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधलं ऊन जीवघेणं असतं. दुपारी झोपलाच तर तासाभराने उठवा, रडला तरी.

अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीने ऑटिस्टिक मुलांच्या झोपेबद्दल 2020 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यातला क्रम मला फार पटतो. झोप न येण्याचं दुसरं काही कारण आहे का ते आधी बघायचं, मग सवयी आणि वेळापत्रक, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन. तेही 1 ते 3 मिलीग्रॅमपासून, झोपेआधी अर्धा ते एक तास, आणि वाढवायचं ते डॉक्टरांनीच, कितीही झालं तरी 10 च्या वर नाही. 'दुसरं कारण' यावर जरा थांबा. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही त्याचं पोट साफ नसेल, दाढ दुखत असेल, तो घोरत असेल, लोह कमी पडून पाय वळवळत असतील, तर आपल्याला दिसतं ते फक्त "झोपत नाही". प्रवासात, पाणी बदलल्यावर बद्धकोष्ठ तर ठरलेलंच. इथे आल्यावर एकाएकी झोप उडाली तर आधी पोट बघा, गमीकडे नंतर वळा.

सोलापुरात मेलाटोनिन मिळतं. आम्हाला 3 मिलीग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी मिळते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. पण चालू असलेलं औषध प्रवासात बदलू नये. पुरेल एवढं तिकडूनच आणा, मूळ डब्यात, चिठ्ठीसकट. त्याला फिट येत असतील किंवा दुसरं कुठलं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोला.

ताई (सोलापूर)

---

प्रेषक: प. जो., एडिसन

मी इथे फार्मसीत काम करते, म्हणून गमीबद्दल थोडं.

अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून विकलं जात नाही, पूरक आहार म्हणून विकलं जातं. त्यामुळे औषधाला लागते तशी तपासणी त्याला लागत नाही. 2023 साली मेलाटोनिनच्या 25 गमी तपासल्या होत्या. त्यांतल्या 22 मध्ये लेबलवर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं, आणि एकीत मेलाटोनिन मुळी नव्हतंच. जिथे जुळत नव्हतं तिथे कुठे लिहिल्याच्या पाऊणपट, कुठे साडेतीनपटीच्या जवळ. डब्यावर 'यूएसपी व्हेरिफाइड', म्हणजे स्वतंत्र संस्थेने तपासल्याची, खूण असलेलंच घ्या. गमीत तसं मिळालं नाही तर डॉक्टरांना विचारून साधी गोळी किंवा थेंब घ्या.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सोलापूरच्या घरात चुलत-आते भावंडं असतील. गमी दिसते गोळी-चॉकलेटसारखी. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या 2012 साली 8,337 नोंदी झाल्या होत्या, 2021 साली 52,563. बहुतेक मुलांना काही झालं नाही, पण काहींना दवाखान्यात ठेवावं लागलं. डबा उशाशी नको, देवघराच्या फळीवरही नको. कुलपाच्या कपाटात ठेवा. आणि 44 अंशांत गम्या वितळून एकमेकींना चिकटतात, मग एक म्हणून किती जाते ते कळत नाही. गोळीचा विचार करायला हेही एक कारण आहे.

प.

---

प्रेषक: अ. शि., ह्यूस्टन

सप्रेम नमस्कार.

मी मूळ सोलापूरचाच, सिद्धेश्वर तलावाजवळ आमचं घर. मुली, तुझ्या सासूबाईंची बाजू मांडायला लिहितोय. आमच्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना जायफळ उगाळून चाटवलं, एकाला कधी गोळी लागली नाही. आता मुलाला रोज संप्रेरक द्यायचं म्हणजे मनात येतं, सवय लागली तर? मोठेपणी, वयात येताना काही झालं तर? हे विचारणं चुकीचं नाही ना?

काका

---

प्रेषक: स. कु., सोलापूर

काका, अजिबात चुकीचं नाही. माझ्या सासऱ्यांनी अगदी हेच विचारलं होतं, आणि ज्या घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही त्या घराची मला जास्त काळजी वाटते.

जायफळाचं आधी. आईने सहाणेवर दोन वळसे दिले, बोटाच्या टोकावर चाटवलं, तेवढ्याने बहुतेकांना काही होत नाही. पण जायफळही जास्त झालं की विषारीच. भास होतात, उलट्या होतात, छाती धडधडते. मूल झोपत नाही म्हणून रोज एकेक वळसा वाढत गेला तर ते कुठवर गेलं हे कोणी मोजत नाही. गोळीवर निदान आकडा असतो. शिवाय मेलाटोनिन चालू असताना वर जायफळ नकोच. वहिनी, हे सासूबाईंना मायेने पण स्पष्ट सांगा. नाहीतर त्या आपल्या मनाने देतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

ऑटिस्टिक मुलांत झोपेचा त्रास निम्म्याहून जास्त जणांना असतो, काही पाहण्यांत तर 80 टक्क्यांपर्यंत. आपण भावंडं झोपायचो त्यावरून या मुलांचा हिशेब करता येत नाही, काका. 2017 साली युरोप-अमेरिकेतल्या 125 मुलांवर, त्यांतली बहुतेक ऑटिस्टिक, एक चाचणी झाली. हळूहळू विरघळणारं मेलाटोनिन 13 आठवडे घेतलेली मुलं रात्री सरासरी 57 मिनिटं जास्त झोपायला लागली, नुसती खोटी गोळी घेतलेली 9 मिनिटं. त्यातल्या मुलांना पुढे दोन वर्षं तपासलं. वाढीवर, वयात येण्यावर वाईट परिणाम दिसला नाही, आणि गोळी थांबवल्यावर शरीर मागत राहिलं असंही दिसलं नाही. याच गोळीला 2018 साली युरोपात ऑटिस्टिक मुलांसाठी मान्यता मिळाली. तिथेही अट आहेच: झोपेच्या सवयी सुधारून भागलं नाही तरच. दोन वर्षं म्हणजे जन्मभर नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून आम्ही अधूनमधून डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवून बघतो, लागत असेल तरच पुन्हा सुरू करतो.

काही मुलं लवकर झोपतात पण दोनला उठून बसतात. साधं मेलाटोनिन तासाभरातच रक्तातून निम्मं होतं, ते त्यांना पुरत नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा उपयोग तिथे होतो, पण ती कुटायची, तोडायची, चावू द्यायची नसते. वहिनींचा मुलगा कुठल्या प्रकारातला आहे ते डॉक्टरांना नीट सांगितलं पाहिजे. त्यासाठी वहीत रोज तीन वेळा टिपा: गोळीची, झोप लागल्याची, उठल्याची. निघण्याआधीपासून टिपलंत तर इथे आल्यावर किती फरक पडला ते दिसेल.

आणि काका, हे फक्त मुलापुरतं नाही. मूल झोपत नाही म्हणजे आई झोपत नाही. वर्षानुवर्षं. सासरी आल्यावर तिला सकाळी सातला चहाला उठायलाच हवं असा आग्रह नसावा. हे तिने स्वतः बोलणं अवघड आहे, म्हणून मी लिहिते. सासरच्या कोणाशी तुमची ओळख निघाली तर तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील.

स.

---

प्रेषक: अ. शि., ह्यूस्टन

पटलं. मुली, सासरचं आडनाव आणि पेठ मला वेगळी मेल करून कळव. त्या भागात माझे बरेच जुने मित्र आहेत.

काका

---

प्रेषक: मी. दे., अटलांटा

ताई, काका, प.ताई, मनापासून आभार. काका, मेल केली आहे.

आमच्यासाठी वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली रंगवून ठेवली होती. दिरांशी बोलले, ते तळमजल्यावरची द्यायला तयार आहेत. नळाला पाणी पहाटे येतं, मोटार अंगणात आहे. डॉक्टरांची पुढच्या आठवड्यात वेळ घेतलीय, गमीऐवजी गोळीचं विचारते, आणि मुलाला हल्ली रात्री पाय आपटायची सवय लागलीय तेही सांगते. लोहाचं मला सुचलंच नसतं.

ताई, त्या चित्रांच्या पट्टीचा फोटो पाठवाल का? चित्रं काढण्या-लावण्यासाठी मागे काय चिकटवलंय ते दिसेल असा. सासूबाईंना दृष्टीचं सांगितलं तर म्हणाल्या, चित्रात मिरच्याही काढ.

मी.