मदत हवी आहे: कीर्तनाच्या लाइव्हमध्ये पखवाज डब्यासारखा ऐकू यायलाय

गोदाकाठ: गावात सप्ताह चालू आहे, परवा काला. कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह सोडायलो. माझ्या कानाला एक नंबर. पण पुण्याहून मावशीचा फोन, 'अरे, पखवाज हाय का पत्र्याचा डबा? अन् टाळ कानात घुसायलेत.' रेकॉर्डिंग परत ऐकलं तर धुमा (पखवाजाची डावी, खर्जाची बाजू) मस्त घुमायलाय. लोकांच्या मोबाइललाच रोग आहे का? लवकर सांगा.

मोंढा_नाका: माइक कोणता, ऐकता कशावर? काहीच लिहिलं नाही राव.

साउंडवाले_काका: माइक बदला. तुमच्याकडं शुअर कंपनीचा एसएम ५८ असणार. तो गळ्याचा माइक, पखवाजाला कशाला लावता?

गोदाकाठ: ५८ नाही काका, कंडेन्सर आहे. तो छोट्या मिक्सरमध्ये, तिथून लॅपटॉप, त्यात ओबीएस (लाइव्ह सोडायचं सॉफ्टवेअर). हेडफोन लॅपटॉपलाच. लई घुमत होतं म्हणून मिक्सरवर लो म्हणजे बासचा नॉब उतरवला. टाळ दबलेले वाटले म्हणून हाय चढवला.

बीडचा_पाहुणा: कीर्तन कुणाचं आहे? लिंक टाका की.

कोरा_कान: घुमत होतं ते पखवाजात नव्हे, तुमच्या हेडफोनमध्ये. तो बासवाला आहे ना? मिक्सिंगला फ्लॅट हेडफोन लागतो. फ्लॅट म्हणजे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत कुठलाच स्वर स्वतःहून फुगवायचा किंवा दाबायचा नाही. काटा मारलेल्या तराजूवर माल तोलून तुम्ही पोत्यातून सोयाबीन काढून टाकलंत. मोबाइलचा बारका स्पीकर धुम्याचा तळ तसाही वाजवत नाही, त्याच्या वरच्या स्वरांवरून कान तळ ओळखतो. लो उतरवताना त्यातलेही काही गेले.

डीजे_परभणी: फ्लॅट हेडफोन बेचव लागतो. अन् ऐकणारे सगळे मोबाइलवरच, मग मोबाइलवरच मिक्स करा ना!

कोरा_कान: कुणाच्या मोबाइलवर? तुमच्या की मावशीच्या? दर फोनचा आवाज वेगळा. मिक्स फ्लॅटवर करायचं, मोबाइलवर फक्त तपासायचं. आणि आवाज फुल ठेवून मिक्स करू नका. मोठ्या आवाजात बास जास्त भासतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय.

साउंडवाले_काका: १९३३ ला आमच्या गावात लाइट नव्हती.

मोंढा_नाका: गोदाकाठ, लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये बास बूस्ट चालू आहे का? ते फक्त तुम्हाला ऐकू येतं, लाइव्हमध्ये जात नाही.

गोदाकाठ: अरे हो! भाच्यानं पिक्चर बघायला चालू केलं होतं. पण ते तर दिवाळीपासून चालूच आहे, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

मोंढा_नाका: 😐

गोदाकाठ: बंद केलं. हेडफोनमध्ये मलाच पखवाज डबा ऐकू आला! लो, हाय दोन्ही नॉब मधोमध आणले. आज हरिपाठाला मावशी म्हणाली पखवाज आला, टाळ अजून जरा टोचायलेत.

साउंडवाले_काका: टाळकरी माइकपासून चार हात मागं उभे करा. नॉबला हात लावू नका.

बीडचा_पाहुणा: लिंक?