अक्कलदाढ काढल्यानंतरचे घरातले दिवस : आपले अनुभव लिहावेत

गेल्या महिन्यात माझी खालच्या जबड्यात आडवी रुतलेली अक्कलदाढ काढावी लागली. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपली, पण पुढचे आठ दिवस घरी काढताना पावलोपावली शंका येत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गाल पहिल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला दिसला आणि जंतुसंसर्ग झाला असे समजून मी घाबरून दवाखान्यात फोन केला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते, हे आधी ठाऊक असते तर ती सकाळ इतकी वाईट गेली नसती. म्हणून हा धागा काढत आहे. कोणत्या दिवशी काय झाले, काय खाल्ले आणि काय चुकले, हे सविस्तर लिहावे. औषधांच्या मात्रा मात्र लिहू नयेत. त्या ज्याच्या त्याच्या दंतवैद्यांनीच ठरवायच्या आहेत.

चिंचवडहून

माझा अनुभव चौथ्या दिवसाचा आहे. दाढ काढल्यावर तोंडात रक्ताची चव येत होती, म्हणून मी त्याच संध्याकाळी मिठाच्या कोमट पाण्याने जोरजोरात गुळण्या केल्या. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही आणि नळीने काही ओढून प्यायचे नाही, असे सूचनापत्रात लिहिलेले होते. मी ते वाचलेच नव्हते. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी ही खालच्या उघड्या हाडावरचे पांघरूण असते आणि ती निघून गेली की हाड उघडे पडते. याला ड्राय सॉकेट म्हणतात, हे मला नंतर समजले. दोन दिवस दुखणे कमी होत होते, आणि चौथ्या रात्री ते एकाएकी कानापर्यंत ठणकू लागले. तोंडाला दुर्गंधी येत होती आणि वेदनाशामक गोळीचा उपयोग होत नव्हता. सकाळी दंतवैद्यांनी खड्डा सलाईनने धुऊन त्यात लवंग तेलाची औषधी पट्टी भरली, तेव्हा अर्ध्या तासात मला झोप लागली. ती पट्टी पुढे दोनदा बदलावी लागली. कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा वाढले, तर घरी सहन करत बसू नका, एवढे मी कळकळीने सांगतो.

सांगलीहून

माझ्या सासूबाईंची किडलेली अक्कलदाढ वयाच्या ६१व्या वर्षी काढली. त्यांना मधुमेह आहे आणि रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. ती गोळी आपल्या मनाने बंद न करता आम्ही आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारले, आणि त्यांनी ती चालूच ठेवायला सांगितली. खरा प्रश्न मिश्रीचा होता. "सूनबाई, दुखणे सोसेन, पण सकाळची मिश्री सुटायची नाही," असे त्या म्हणाल्या. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो, हे दंतवैद्यांनी त्यांना स्वतः समजावले, तेव्हा त्यांनी दहा दिवस डबी माझ्याकडे दिली. त्या दहा दिवसांत त्यांनी किती निग्रह केला, हे मी जवळून पाहिले आहे.

खाण्याचे सांगायचे तर पहिल्या दिवशी गार ताक, थंड केलेली नाचणीची आंबील आणि घोटलेले केळे दिले. दुसऱ्या दिवसापासून तूप घातलेला कोमट गुरगुट्या भात आणि मुगाचे बिनतिखटाचे वरण दिले. शेंगदाण्याचे कूट, तीळ आणि पोहे मात्र दोन आठवडे टाळले, कारण त्यांचे कण खड्ड्यात अडकतात. साखर रोज तपासली, कारण पोटभर खाणे होत नसताना मधुमेहाची गोळी घेतल्यास ती एकदम खाली जाऊ शकते.

नागपूरहून

माझा खालचा ओठ आणि हनुवटीचा डावा भाग बधिर राहिला. भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते, पण दुसऱ्या दिवशीही स्पर्श कळेना, तेव्हा मी लगेच कळवले. दाढेच्या मुळाजवळून जाणारी नस दुखावली होती. सहा आठवड्यांनी मुंग्या येऊ लागल्या आणि पाचव्या महिन्यात संवेदना पूर्ण परतली. त्या काळात चहा गार करूनच पीत होतो, कारण ओठ भाजला तरी कळत नव्हते.

रत्नागिरीहून

माझे तोंडच उघडेना. तिसऱ्या दिवशी जेमतेम एक बोट आत जात होते आणि पेजसुद्धा लहान चमच्याने घ्यावी लागत होती. पहिले दोन दिवस बर्फाचा शेक घेतला. नंतर दंतवैद्यांनी गरम कापडाने शेकायला आणि दिवसातून पाच-सहा वेळा, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून, तोंड हळूहळू उघडायला सांगितले. सातव्या दिवशी टाके काढताना दोन बोटे मावली. बाराव्या दिवशी एकावर एक तीन बोटे मावली, आणि त्या रात्री मी तांदळाची भाकरी दुसऱ्या बाजूने सावकाश चावून खाल्ली.