अनुभव धागा: काळ्या पडद्यावर तुमचं काय काय गेलं?

परवा लेकीने टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडलं आणि म्हणाली, "बाबा, यात फोल्डर दिसतच नाहीत." म्हटलं, आमची निम्मी उमेदवारी न दिसणाऱ्या फोल्डरांतच गेली. जुनी डॉस सिस्टीम असो की लिनक्स, डिस्क आणि डिरेक्टरीच्या (म्हणजे फोल्डरच्या) कमांडांनी तुम्हाला कधी बुडवलं, कधी तारलं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

१९९४, सांगलीतला क्लास. चपला बाहेर, कारण आत एसी. एमडी म्हणजे डिरेक्टरी करा, सीडी म्हणजे आत शिरा, आरडी म्हणजे काढा, आणि आरडी भरलेल्या डिरेक्टरीला हात लावत नाही, एवढं पाठ होतं. त्या मशीनवर मात्र नुसतं 'सी>' दिसायचं. 'प्रॉम्प्ट $पी$जी' दिल्याशिवाय आपण कुठे उभे आहोत ते कळत नसे. माझ्या डिरेक्टरीत आहे समजून 'डेल *.*', म्हणजे इथल्या सगळ्या फाइली पुसा, दिलं. खात्री आहे का, विचारलं. वाय दाबलं. सरांची प्रश्नपत्रिकांची डिरेक्टरी साफ!

सर चिडले नाहीत. पुसलेलं परत आणणारं 'अनडिलीट' दिलं. डॉस फाइल पुसताना नावाचं पहिलं अक्षर खोडतो आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवतो, मजकूर तिथेच असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. त्यामुळे प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह, आणि पहिलं अक्षर काय ते तुम्ही सांगायचं. सर खुर्ची ओढून म्हणाले, "बस आता, सगळ्यांचं बारसं कर." तेवीस फाइली होत्या. दोघांची नावं अजून चुकीचीच असतील.

हिशेबवाली ताई
आमच्याकडे एकच फ्लॉपी ड्राइव्ह. एका फ्लॉपीची दुसरीवर नक्कल करायला 'डिस्ककॉपी ए: ए:' दिलं की आधी सोर्स (मूळ फ्लॉपी) मागायचा, मग टार्गेट (कोरी), मग परत सोर्स. मध्येच चहा आला. मी कोरी फ्लॉपी सोर्स म्हणून घातली, भरलेली टार्गेट म्हणून, आणि मार्चचा हिशेब कोरा केला. साहेबांचा एकच प्रश्न, "खाचेवर चिकटपट्टी का नव्हती लावली?" सव्वापाच इंचीची ती खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. तेव्हापासून पर्समध्ये चिकटपट्टी.

रात्रपाळी
लिनक्स. पहाटे तीनला डिस्कवरची जागा दाखवणारा 'डीएफ' सांगतो डिस्क १०० टक्के भरली. मी मोठी लॉग फाइल (सर्व्हरच्या नोंदींची) उडवली. तरी १०० टक्केच. दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणारा 'डीयू' मात्र म्हणे निम्मीच भरलीय! तासभर डोकं खाजवलं. शेवटी कोणती फाइल कोणी उघडलीय ते सांगणाऱ्या 'एलएसओएफ'ने पकडलं: सर्व्हरचा प्रोग्राम ती फाइल उघडून बसला होता. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू जात नाही. प्रोग्राम रीस्टार्ट केला, तेव्हा जागा सुटली.

एक स्पेस
'आरएम -आरएफ जुने*', म्हणजे 'जुने'ने सुरू होणारं सगळं न विचारता पुसा, लिहायचं होतं. 'जुने' आणि '*' यांच्यात स्पेस पडली, आणि सुटा '*' म्हणजे इथलं सगळंच. जास्त लिहवत नाही. आता आधी त्याच नावांवर यादी दाखवणारं 'एलएस', ती वाचायची, मग आरएम.

पेनड्राइव्हवाला
माझी गोष्ट झेरॉक्सच्या दुकानातली. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला, परत आला तेव्हा सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. व्हायरस खरे फोल्डर फक्त लपवतो. काळी खिडकी उघडून पेनड्राइव्हवर गेलो आणि 'अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी' दिलं, म्हणजे लपवल्याची खूण काढली. सगळे परत. दुकानदाराने ती ओळ पुठ्ठ्यावर लिहून घेतली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं, तर त्यानेच करून दिलं आणि माझ्याकडून वीस रुपये घेतले.