सारखं सारखं लघवीचं इन्फेक्शन: तुमचा अनुभव लिहा

मी ठाण्याची, जॉब घणसोलीला. वर्षात चौथ्यांदा उन्हाळी लागली म्हणून हा धागा काढतेय, घरातसुद्धा आपण हे दबक्या आवाजात बोलतो. ऑफिसच्या टॉयलेटची अवस्था बघून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही, लोकलमध्ये सोय नाही, मग घरी येईपर्यंत धरून ठेवायचं. जळजळ सुरू झाली की मेडिकलमधून तीच जुनी गोळी, दोन दिवसांत बरं वाटलं की बंद. चौथ्यांदा हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं. डॉक्टरांनी आधी कल्चरचं, म्हणजे कुठला जंतू आहे ते बघायच्या तपासणीचं, लघवीचं सॅम्पल घेतलं (पहिली धार सोडून मधली), मगच औषध सुरू केलं. तीन दिवसांनी रिपोर्ट, ई. कोलाय नावाचा जंतू. खाली औषधांची यादी, पुढे एस (लागू पडतं) नाहीतर आर (लागू पडत नाही), आणि माझ्या त्या गोळीपुढे आर! म्हणजे तिचा त्या जंतूवर उपयोगच होत नव्हता. 6 महिन्यांत 2 किंवा वर्षात 3 वेळा झालं तर वारंवार होतंय असं धरतात, हे तेव्हा कळलं. तुमचं सांगा.

ऐरोलीहून: सासूबाई 64 वर्षांच्या, दर दोन महिन्यांनी हेच. धने-जिऱ्याचं पाणी, बार्ली सगळं झालं. शेवटी गायनॅकने सांगितलं की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीच्या आतली त्वचा कोरडी पडते, चांगले जंतू कमी होतात. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. हार्मोन म्हटल्यावर त्या महिनाभर ट्यूब कपाटात ठेवून बसल्या, मी मागे लागले तेव्हा लावली. आता आठ महिने झाले, एकदाही नाही. आपल्या आया-सासवांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं हो!

कळव्याहून: पुरुषांनाही होतं बरं का. माझं प्रोस्टेट वाढलेलं, लघवी करून आल्यावर परत सोनोग्राफी केली तर आत बरीच शिल्लक. ती साचते म्हणून इन्फेक्शन.

नेरूळहून: नायट्रोफ्युरँटॉइन या इन्फेक्शनवरच्या अँटिबायोटिक गोळीने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका, मी रात्री बाराला डॉक्टरांना फोन केला होता. जेवणाबरोबर घ्या, नाहीतर मळमळतं.

परत मीच: ऐरोलीवाल्या ताई, आईलाही हाच त्रास आहे, उद्याच गायनॅककडे नेते.