लिपिकाचा कर सहायक झालो: मूळ वेतन २५५०० की जास्त?

टिटवाळा_सहा_बावीस
२०१६ ला मुंबईत लिपिक-टंकलेखक म्हणून लागलो. तेव्हा सहावा वेतन आयोग होता, नंतर सातव्यात एस-६ या वेतनस्तरात १९९०० वर बसवलं. आठ वेतनवाढी होऊन मूळ वेतन २५२०० झालं. आता एमपीएससीतून कर सहायक, एस-८. १० जूनला रुजू झालो. आस्थापनेतल्या मॅडमनी सेवापुस्तक उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "२५२०० होते, आता २५५००. तीनशे वाढले की!" माझ्या शेजारी बसतो तो पोरगा तेवीस वर्षांचा, पहिलीच नोकरी. त्यालाही २५५००. मग मी आठ वर्षं लोकलला लटकलो ते कशासाठी? नियम खरंच असा आहे का?

निवृत्त_अधीक्षक
नाही. तुमच्या मॅडमनी एक पायरी गाळली.

महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ मधला नियम ११ काढा. जास्त जबाबदारीच्या पदावर गेलात की आधी जुन्या स्तरात एक काल्पनिक वेतनवाढ द्यायची. एस-६ च्या रकान्यात २५२०० नंतरचा आकडा २६०००. तो घेऊन एस-८ च्या रकान्यात उतरायचं: २५५००, २६३००, २७१००. २६००० तिथे नाही, म्हणून लगतचा वरचा, २६३००. दरमहा आठशेचा फरक, आणि महागाई भत्ता, घरभाडं त्याच्यावरच.

आता मॅडमची बाजू. तुमचं मूळ वेतन २२४०० असतं तर त्या बरोबर ठरल्या असत्या. एक वाढ देऊन २३१००, तेही २५५०० च्या खालीच, मग किमानच मिळालं असतं. बहुतेक पोरं दोन-चार वर्षांत निघून येतात, त्यामुळे टेबलाला तीच सवय लागते. आठ वर्षं काढून आलेला क्वचित.

पण दोन कागद बघा. परीक्षेचा अर्ज कार्यालयाच्या परवानगीने गेला होता का? आणि कार्यमुक्तीच्या आदेशात "तांत्रिक राजीनामा", म्हणजे सेवा न तोडता नव्या सरकारी पदावर जाण्यापुरता राजीनामा, असे शब्द आहेत का? नुसता "राजीनामा मंजूर" असेल तर आधीची सेवा गेली समजा. आधी तो आदेश दुरुस्त करून आणा, मगच वेतननिश्चितीचं बोला.

एक विचारतो, राग मानू नका. १० जूनला कशाला धावलात? मुदतवाढ मागून १ जुलैची वेतनवाढ जुन्या पदावर घेतली असती तर २६००० झाले असते. त्यावर एक वाढ २६८००, आणि एस-८ मध्ये थेट २७१००. ज्येष्ठता आयोगाच्या गुणवत्ता यादीवर असते, तीन आठवड्यांनी बिघडली नसती.

परळचा_हिशेबनीस
अधीक्षकसाहेबांशी सहमत. फक्त मॅडमनी घाईत भलताच आकडा लिहिला तर खुश होऊ नका, वरचा असला तरी. मला एकदा एक वेतनवाढ जादा लागली. कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही. निवृत्तीआधी सेवापुस्तक पडताळणी पथकाकडे गेलं आणि लाल शाईचा आक्षेप घेऊन परत आलं. अकरा वर्षांची वसुली. रफिक मसीह प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल दाखवला, की वर्ग तीनच्या माणसाकडून अशी वसुली करता येत नाही. त्यांनी माझीच सही असलेलं हमीपत्र पुढे केलं: जादा रक्कम गेल्यास परत करीन. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात त्या सहीला वजन दिलंय. तो मात्र न्यायिक अधिकाऱ्याचा खटला होता, तेवढ्यावर अजून भांडतोय. वेतननिश्चितीच्या तक्त्याची प्रत मागून घ्या, स्वतः आकडे जुळवा.

टिटवाळा_सहा_बावीस
दोघांचे आभार. आदेश काढून बघितला, "तांत्रिक राजीनामा" आहे. परवानगीचं पत्रही सापडलं, लॅमिनेट करून ठेवलं होतं बायकोने. आज अर्ज दिला, नियम ११ लिहून आणि दोन्ही रकाने पेन्सिलने आखून. मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग कॅल्क्युलेटर काढला.

१ जुलैचं मात्र बायकोला सांगितलेलं नाही.

निवृत्त_अधीक्षक
नका सांगू. अर्जावर आवक क्रमांक टाकून घेतलात ना?

टिटवाळा_सहा_बावीस
नाही. उद्या पहिलं तेच.