नव्या पंक रेकॉर्ड्स थेट लेबलकडूनच, टपालाने घ्याव्यात

खरखर (धागाकर्ता)

‘गाणी फुकट ऐकायला मिळत असताना अंडरग्राउंड पंकची नवी रेकॉर्ड टपालाने मागवायची म्हणजे नुसता पैशाचा माज.’ हे वाक्य आणि त्याची भावंडं हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतात. मला ते साफ अमान्य आहे. का, ते जरा सविस्तर लिहितो.

बोलतोय ते फक्त नव्या रेकॉर्ड्सबद्दल. जुन्या, दुर्मिळ प्रतींचा बाजार वेगळा. तिथे तुम्ही कितीही मोजा, बँडच्या हाती काही लागत नाही. नव्या सात इंचीचं (सात इंच व्यासाच्या छोट्या रेकॉर्डचं) गणित असं असतं: बहुतेक वेळा ३०० ते ५०० प्रती निघतात. लॅकरवर (मऊ लेप दिलेल्या मूळ तबकडीवर) खाचा कापणं, त्यावरून प्रती छापायचे धातूचे साचे, म्हणजे स्टँपर, तयार करणं, चाचणी प्रती काढणं हा खर्च १०० प्रतींना जेवढा, जवळपास तेवढाच १००० प्रतींना. त्यामुळे छोट्या प्रेसिंगमध्ये एकेक प्रत महागच पडते. बँडला सहसा रॉयल्टी मिळत नाही, मोबदला म्हणून काही प्रती मिळतात आणि त्या ते कार्यक्रमांत विकतात. उरलेल्या प्रती विकून लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या संस्थेने, आपला खर्च भरून काढायचा आणि त्यातूनच पुढची रेकॉर्ड काढायची. मध्ये वितरक आणि दुकान आलं की दोघांचा वाटा जातो. तो त्यांनी घ्यावाच, त्यांनाही भाडं भरायचं असतं. पण लेबलने स्वतः टपालाने विकलेल्या प्रतीचे पैसे अख्खे लेबलकडे येतात. तशा पुरेशा प्रती गेल्या तर पुढच्या बँडचा नंबर लागतो. नाही गेल्या तर लेबल तिथेच थांबतं.

ही पद्धत पंकच्या जन्मापासूनची आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडने जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची काढली ती ५०० पौंड उसने घेऊन, स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स लेबलवर, पहिल्यांदा १००० प्रती. टपालाने आणि मोजक्या दुकानांतून ती गेली. कव्हरवर त्यांनी प्रत्येक गाणं कितव्या टेकचं आहे आणि त्यावर किती ओव्हरडब (नंतर वरून भरलेले आवाज) आहेत तेही छापलं. म्हणजे रेकॉर्ड कशी होते ते विकत घेणाऱ्याला समजावं आणि त्याने उठून स्वतःची काढावी. १९८० मध्ये वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड फुटला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सहाएकशे डॉलर त्यांनी वाटून घेतले नाहीत, रेकॉर्डमध्ये घातले. डिस्कॉर्ड लेबल तिथून सुरू झालं. कव्हरचा साचा मिळावा म्हणून त्यांनी एका ब्रिटिश सिंगलचं कव्हर उकललं, त्याची बाह्यरेषा गिरवली आणि हजार कव्हरं हाताने कापून, दुमडून, चिकटवली.

त्यामुळे माझं मत: ज्या बँडची पुढची रेकॉर्ड निघावी असं वाटतं, त्याची आत्ताची रेकॉर्ड लेबलकडून मागवा. विरोधी मतांचं स्वागत आहे.

उलटी_बाजू

असहमत.

हिशोब मांडलात तो लेबलचा. घेणाऱ्याचा कुठे आहे? सात इंची तबकडीचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास. ती दुसऱ्या खंडातून मागवली तर टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीला गाठतो, बरेचदा मागे टाकतो. तो पैसा ना बँडला जातो ना लेबलला. तुम्ही १९७७ आणि १९८० चे दाखले देता. त्या काळी घाई नसेल तर बोटीने येणारं स्वस्त टपाल होतं. अमेरिकी टपालखात्याने परदेशासाठीची ती सोय २००७ मध्ये बंद केली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या आयातीवरची व्हॅटमाफी काढून टाकली, म्हणजे एका सिंगलवरही कर आला. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी थांबवली आणि त्या सुमारास कितीतरी देशांच्या टपालखात्यांनी तिकडची पार्सलं घेणंच तात्पुरतं बंद केलं. रेकॉर्ड्स माहितीपर साहित्यात मोडतात, त्या वाढीव आयातशुल्कातून वगळलेल्या होत्या. तरी अडकल्या, कारण पार्सल स्वीकारायलाच कुणी तयार नव्हतं.

दुसरं, भरवसा. एका छोट्या लेबलकडे मी आगाऊ पैसे भरले होते. महिनोन्महिने काही नाही, पत्राला उत्तर नाही. शेवटी रेकॉर्ड आली ती कव्हरची शिवण उसवलेली. ‘आम्ही हे नोकरी सांभाळून, प्रेमापोटी करतो’ हे उत्तर पैसे घेताना कुणी देत नाही, तक्रार केली की देतात.

या पैशात मी बँडचं डिजिटल डाउनलोड घेतो. पैसे थेट पोचतात, पार्सल हरवायचा प्रश्न नाही.

पुठ्ठा_आणि_टेप

छोटं लेबल चालवते, म्हणून दोन्ही मुद्द्यांवर लिहिते.

आधी उसवलेल्या कव्हरबद्दल, कारण ते टाळता येतं आणि ते न टाळणारी लेबलं पाहून माझा जीव जळतो. कव्हर बाहेरच्या माराने फाटत नाही. पार्सल कडेवर आपटलं की आतली तबकडी सुरीच्या पात्यासारखी शिवणीवर बसते आणि कव्हर आतून उसवतं. म्हणून तबकडी आतल्या कागदी पाकिटासकट कव्हरमधून बाहेर काढायची, कव्हरच्या मागे ठेवायची आणि दोन्ही मिळून एका प्लास्टिक पिशवीत घालायची. मग पुढे-मागे पुठ्ठा. पन्हळी पुठ्ठ्याच्या रेषा एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या, म्हणजे पार्सल कुठल्याच दिशेने वाकत नाही. कोपऱ्यांत वस्तू हलता कामा नये. नव्या रेकॉर्डवर कारखान्याचं प्लास्टिक चढवलेलं असेल तर ते फोडावं लागतं, म्हणून काही लेबलं हे टाळतात. ऑर्डर देताना ‘सील फोडा, तबकडी कव्हरबाहेर ठेवा’ एवढं लिहीत जा. जे लेबल हे ऐकत नाही त्याच्याकडून पुन्हा घेऊ नका.

आता टपालखर्च. एक सात इंची मागवली तर तो अंगावर येतो हे खरंच आहे. पण पॅकिंगचं वजन तबकडीपेक्षा जास्त असतं. त्याच पुठ्ठ्यात आणखी दोन-तीन रेकॉर्ड्स आल्या तर खर्च फार वाढत नाही. आणि दुसऱ्या खंडातून मागवायची गरज बहुतेक वेळा नसते. आम्ही लेबलं आपापसांत अदलाबदल करतो: माझ्या २० प्रती त्यांच्याकडे, त्यांच्या २० माझ्याकडे, पैशाचा व्यवहार शून्य. त्या मी माझ्या यादीत लावते आणि जवळच्यांना देशांतर्गत टपालाने पाठवते. डिस्ट्रो म्हणतात ते, म्हणजे इतर लेबलांच्या रेकॉर्ड्स विकणारे छोटे विक्रेते, बरेचसे यातूनच उभे राहिलेत. तेव्हा धागाकर्त्याच्या ‘थेट लेबलकडूनच’ मध्ये मी एक दुरुस्ती सुचवते: लेबल दूर असेल तर त्याने अदलाबदल केलेल्या जवळच्या डिस्ट्रोकडून घ्या. अदलाबदलीत आलेल्या रेकॉर्ड्स त्या दूरच्या लेबलने विकल्या की त्याचेही पैसे सुटतात.

पैसे घेऊन महिनोन्महिने गप्प बसणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. उशीर होतो, पण दोन ओळी लिहायला वेळ लागत नाही.

कॅसेटवाली

चर्चा सगळी टपालावर चाललीय. मला वाटतं मूळ गडबड विनाइलमध्ये, म्हणजे रेकॉर्डच्या तबकडीतच आहे.

पंकचं बळ वेगात आहे. गाणी आज लिहिली, पुढच्या महिन्यात लोकांच्या हातात. विनाइलने हे पार मारून टाकलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. लॅकर तबकड्या बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते, त्यातला तो एक, दुसरा जपानमध्ये. पाठोपाठ महासाथ आली, मग बड्या कंपन्यांनी पॉपस्टारांच्या अल्बमांसाठी प्रेस अडवल्या आणि ३०० प्रतींवाले रांगेत मागे ढकलले गेले. २०२१-२२ मध्ये आठ-दहा महिने थांबणं नेहमीचं झालं होतं. रेकॉर्ड येईपर्यंत बँड फुटलेला, ड्रमर बदललेला, नाही तर गाण्यातला संताप ज्या घटनेवर होता ती मागे पडलेली.

कॅसेटच्या ५० प्रती घरी निघतात. कव्हर झेरॉक्सवर. जाडजूड पाकिटातून जाते, वाकत नाही, उसवत नाही. मग पीव्हीसीच्या तबकडीचा एवढा सोस का?

खरखर

@उलटी_बाजू: डाउनलोड विकत घेता, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण त्या पैशातून बँडची रेकॉर्ड निघत नाही, कारण रेकॉर्डचे पैसे लेबलने आधी गुंतवलेले असतात आणि ते प्रती गेल्या तरच सुटतात. तुम्ही डाउनलोड घेतलंत तरी ३०० प्रतींचा गठ्ठा तसाच उरतो.

@कॅसेटवाली: डेमो, म्हणजे नव्या बँडचं पहिलं कच्चं ध्वनिमुद्रण, कॅसेटवरच यावा. बँड नवा आहे, गाणी ताजी आहेत, तिथे विनाइलची वाट बघणं चूकच. पण वर्षभर वाजवून पक्की झालेली सहा गाणी सात इंचीवर यावीत असं मला मनापासून वाटतं. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने, दोन बाजूंना तीन-तीन गाणी, ढोल छातीवर येतो. कॅसेटवर तोच ढोल दबतो. आणि सात इंचीचा कागदी इन्सर्ट: गाण्यांचे शब्द, कोण काय वाजवतं, कुणी ध्वनिमुद्रण केलं, त्या गावातल्या आणखी चार बँडांची नावं, संपर्काचा पत्ता. त्या पत्त्यावर लिहिलं की उत्तर येतं. माझी अर्धी आवड या आभारांच्या यादीतल्या नावांचा माग काढत तयार झाली आहे.

कारखान्यांच्या रांगेबद्दल तुमचा राग योग्य आहे, पण लॅकरशिवायही काम होतं. थेट तांब्याचा थर दिलेल्या तबकडीवर खाचा कापायची पद्धत ८०च्या दशकापासून आहे आणि युरोपात ती सर्रास वापरतात. रांग लावली ती बड्या कंपन्यांनी. त्यासाठी छोट्यांनी प्रेस सोडून जायचं का?

रांगेतला_शेवटचा

इथे अजून कुणीच रंगीत प्रतींबद्दल बोललेलं नाही आणि माझ्या मते टपाल-पंकला खरी कीड ती लागली आहे.

नवी रेकॉर्ड जाहीर होते: ‘१०० प्रती लाल, फक्त टपालाने, २०० काळ्या.’ लाल काही मिनिटांत संपतात. कोण घेतं? त्यातले बरेच जण ऐकण्यासाठी घेत नाहीत. रेकॉर्ड हातात पडायच्या आत पुनर्विक्रीच्या यादीत दुप्पट-तिप्पट किमतीला लागलेली असते. क्रास हा जुना ब्रिटिश पंक बँड कव्हरवर मोठ्या अक्षरांत किंमत छापायचा आणि सोबत ‘याहून जास्त देऊ नका’ असं बजावायचा. किंमत मुद्दाम इतकी कमी की दुकानदारालाही हात मारता येऊ नये. त्यांच्या परंपरेत स्वतःला बसवणारी लेबलं आज टंचाई स्वतःच निर्माण करतात. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

आणि वर्णनं! प्रत्येक नव्या रेकॉर्डखाली तेच: ‘कच्चं, निर्दय, डी-बीटचा मारा.’ डी-बीट हा शब्द डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडच्या ढोलाच्या ठेक्यावरून पडला, त्याला काही ठोस अर्थ आहे. तो सगळ्यांनाच चिकटवला तर न ऐकता मागवणाऱ्याने काय समजायचं? गायक ओरडतो की गातो, गिटार किती, ध्वनिमुद्रण खोलीतलं आहे की स्टुडिओतलं, एवढं सांगा.

उलटी_बाजू

रंगीत प्रतींबाबत +१.

पुठ्ठा_आणि_टेप यांचा अदलाबदलीचा मुद्दा मला माहीत नव्हता असं नाही, पण जवळच्या डिस्ट्रोच्या यादीत मला हवी ती रेकॉर्ड असतेच असं नाही. २० प्रती येतात, त्या ओळखीच्यांत जातात. तेव्हा टपालखर्चाचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही, थोडा हलका झाला इतकंच.

पुठ्ठा_आणि_टेप

रंगीत प्रतींची दुसरी बाजू: प्रेसचं बिल आगाऊ भरावं लागतं. १०० जणांनी पहिल्या आठवड्यात पैसे दिले की ते बिल भागतं. उरलेल्या काळ्या प्रती मग वर्षभर निवांत विकल्या तरी चालतं. रंग नसेल तर तेच लोक ‘घेऊ नंतर’ म्हणतात आणि नंतर घेत नाहीत. म्हणून मी रंगीत प्रती काढते, पण एका माणसाला एकच देते, आणि काळी प्रत संपली तर पुन्हा काढते. स्टँपर कारखान्यात ठेवलेले असतात, दुसऱ्या खेपेला खर्च कमी येतो. पुन्हा काढायचीच नाही असं ठरवून टंचाईवर जगणाऱ्यांवर मात्र बोट ठेवायलाच हवं.

अवांतर: ऐकण्यात फरक पडतो का, असं मला सारखं विचारतात. तबकडी सपाट आणि भोक बरोबर मधोमध असणं रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. भोक जरा सरकलं तरी लांबलेला सूर डुलायला लागतो. चाचणी प्रत आली की मी आधी तेच बघते.

रांगेतला_शेवटचा

‘एका माणसाला एकच’ आणि ‘संपली तर पुन्हा काढू’ हे दोन्ही विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी लिहा. तसं लिहिणाऱ्या लेबलकडून मी काळी प्रत घेईन, पूर्ण किमतीला, टपालखर्चासकट. लाल प्रतींना मात्र माझा विरोध कायम.

कॅसेटवाली

@खरखर, इन्सर्ट कॅसेटमध्येही बसतो, घड्या जास्त घालाव्या लागतात इतकंच. ढोलाचं मान्य. सहा पक्क्या गाण्यांसाठी दहा महिने थांबायचं नाही मान्य. तुमच्या माहितीतल्या ज्या लेबलांचं प्रेसिंग तीन महिन्यांच्या आत येतं त्यांची नावं इथे द्या, त्यांच्याकडून मागवते.